साखळीवरचा पत्रा

"इंजिन कुठाय?"

"टेबलाखाली."

"टेबलाखाली? भंगारासारखं?"

"तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलंय, बाबा. मला तुम्ही कधी एवढं जपून गुंडाळलं नव्हतंत."

"विषय बदलू नकोस. कुणाला विचारून काढलंस?"

"तुम्हालाच. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा 'हं' म्हणालात."

"अगं, ऐकू आलं नाही की मी हं म्हणतो!"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "घ्या! आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, पटतंय म्हणून म्हणतात."

बाबांनी तिकडे कानाडोळा केला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. त्यांची लाल गो-कार्ट दोन स्टुलांवर चढवून ठेवली होती. गाडी कसली, चार चाकांवरचा नळ्यांचा सांगाडा! ना छत, ना दार. बसायचं जमिनीपासून चार बोटांवर. उजव्या कुशीला जिथे इंजिन असायचं, तिथे आता चार भोकं आणि काळा डाग उरला होता.

"आणि ही विजेवर केलीस तर चालवणार कोण?"

"मी."

बाबा हसले नाहीत, हेच तिला लागलं. ते नुसते तिच्या वेणीकडे बघत राहिले.

गल्लीत तिला सगळे मोटरताई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेला पंप आणा, पंखा आणा, पिठाच्या चक्कीची मोटर आणा. ताई जुनी तार उपसून काढणार, नवी भरणार आणि वर दोन टोमणे फुकट देणार. "मोटर जळली नाही हो, तुम्ही जाळलीत," हे तिचं ठरलेलं वाक्य. वीस वर्षांत पुन्हा बिघडून तिच्याकडे परत आलेल्या मोटरी बोटांवर मोजाव्यात.

पण तिला हवी होती ती एकच गोष्ट, आणि ती घरातच उभी होती. बाराव्या वर्षी तिने पहिल्यांदा विचारलं होतं, "मी चालवू?" बाबा तेव्हा ट्रॅकवरचे नावाजलेले मेकॅनिक आणि त्याहून नावाजलेले ड्रायव्हर. म्हणाले, "मागे साखळी उघडी असते. वेणी अडकली तर मान जाईल. तू घड्याळ धर." तिने घड्याळ धरलं. एक वर्ष, दोन वर्षं, अठरा वर्षं. बाबांच्या फेऱ्या मोजून मोजून तिला ट्रॅकचं प्रत्येक वळण पाठ झालं, पण त्यावरून ती धावली एकदाच. घड्याळ विसरलं म्हणून, चपला हातात घेऊन.

मग ट्रॅकच्या चहूबाजूंनी इमारती उठल्या, आवाजाच्या तक्रारी झाल्या, फाटकाला कुलूप लागलं. बाबांचे गुडघे आणि कान त्याच सुमारास गेले. आता बारा वर्षांनी ते फाटक पुन्हा उघडणार होतं. या रविवारी पहिली शर्यत, पण फक्त विजेवरच्या गाड्यांची. मोटरताई बेचाळीस वर्षांची होती. पुढच्या खेपेची वाट बघण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता.

अपघातात चेपलेल्या मालवाहू तिचाकीची मोटर, बॅटऱ्या आणि मोटरीला वीज सोडणारा कंट्रोलर तिने आधीच आणून ठेवले होते. बॅटऱ्या सीटच्या डाव्या बाजूला, मोटर उजवीकडे, म्हणजे वजन सारखं. लेथवाल्याकडून मोटरीच्या दांड्याला दातेरी चक्र करून घेतलं. बुधवारी दुपारी साखळी चढवली, हलकेच पॅडल दाबलं आणि हवेतली मागची चाकं झोकात फिरली.

उलटी.

"वा!" आई दारातून म्हणाली. "सगळे जातील पुढे, तू ये घरी."

मोटरताई हसली. तिचाकीत ही मोटर तोंड फिरवून बसवलेली असणार, एवढंच. कंट्रोलरला रिव्हर्सची सोय होती, पण त्यात वेग निम्माही मिळत नव्हता. मग तिने केलं ते, जे ती पंपांच्या बाबतीत डोळे मिटून करायची. मोटरीच्या तीन जाड तारांपैकी दोन तारांची अदलाबदल केली. पंप उलटा फिरला की एवढंच करायचं असतं.

मोटर फिरलीच नाही. गुरगुरली, थरथरली आणि तापली.

गुरुवारभर तिने मोटर दोनदा उघडली. वाइंडिंग ठणठणीत. शुक्रवारी सकाळी पुन्हा उघडली. गिऱ्हाईक आलं, तर त्याच्यावरच खेकसली. दुपारपर्यंत तिच्या नाकी नऊ आले होते, पण हातातला पाना काही खाली जात नव्हता.

"जेवून घे," आई म्हणाली.

"फिरली की जेवते."

बाबा चार दिवस त्या खोलीत फिरकले नव्हते. आता आले, मोठा स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक मोटरीवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. कान गेल्यापासून ते असंच ऐकायचे.

"दाब."

तिने पॅडल दाबलं. मोटर गुरगुरली.

"पुन्हा. सोड. दाब." त्यांनी डोळे मिटले. "हिचं टायमिंग चुकलंय."

"बाबा, हे तुमचं इंजिन नाही. हिला ठिणगीच नसते, तर टायमिंग कसलं?"

"ते मला नको शिकवूस. एकदा पुढे खेचतेय, एकदा मागे. कुणीतरी हिला चुकीच्या वेळी 'ढकल' म्हणतंय. कोण सांगतं हिला, कधी ढकलायचं ते?"

"कुणी नाही, नुसती तार..." ती बोलता बोलता थांबली.

सांगणारं होतं! मोटरीतून बारीक तारांची एक जुडी निघत होती. आतला दांडा कुठे आहे हे कंट्रोलरला कळवणारी. पंपाला असल्या तारा नसतातच. वीस वर्षांच्या सवयीने तिने जाड तारा बदलल्या होत्या आणि या बारीक तशाच ठेवल्या होत्या. तिने कपाळावर हात मारून घेतला, खबर देणाऱ्या तीन तारांपैकी त्या जाड तारांच्या जोडीच्या दोन बारीक तारांची अदलाबदल केली आणि पॅडल दाबलं.

चाकं फिरली. सरळ, गुळगुळीत, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडेल इतक्या वेगात.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर कानाजवळून काढलाच नाही. "आवाज आहे की हिला," ते पुटपुटले. "बारीक आहे. पण आहे."

"जेवायला वाढू का आता?" आईने विचारलं. दोघंही "हं" म्हणाले.

रविवारी सकाळी शेजाऱ्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. गाडी वर चढवली. बाबा मात्र आत जाऊन बाहेर आले ते आपला जुना रेसचा कोट घालून. पोटावरची चेन अर्ध्यावर अडली होती.

"पहिली फेरी माझी," ते म्हणाले.

"बाबा, गुडघे..."

"विजेवर चालते, गुडघ्यांवर नाही. आणि साखळी अजून तीच आहे. मागे उघडी."

"नीट बघा."

बाबा टेम्पोच्या फळीवर वाकले. साखळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याचं झाकण होतं, कडा वळवून गुळगुळीत घासलेलं. रंग जुनाट दिसत होता.

"हे कधी केलंस?"

"सगळ्यात आधी. इंजिन काढायच्याही आधी. पाच वर्षं माळ्यावर पडून होतं."

बाबांचा हात पत्र्यावरून फिरला. मग त्यांनी कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं, तेच, दोरी लावलेलं, आणि तिच्यापुढे धरलं.

"बरं. पण ब्रेक कुणीतरी जाणत्याने तपासायला हवेत. एकच फेरी घेतो. तोवर तू हे धर. धरशील ना?"

तिने घड्याळ घेतलं. दोरी सरळ केली आणि बाबांच्या गळ्यात घातली. मग वेणी कॉलरच्या आत खोचली, दारात जाऊन खुंटीवरचं बाबांचं हेल्मेट काढलं आणि टेम्पोकडे चालू लागली.