भांडी विकायला आला आणि काकूंना रडवून गेला

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहिते.

आज दुपारी आमच्या भूगावच्या सोसायटीत महागडी भांडी विकणाऱ्या एकाचा डेमो होता. त्याने आमच्याच ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं, सगळ्यांना चाखायला लावलं आणि म्हणाला, "हा कडूपणा म्हणजे विष. यानेच कॅन्सर होतो."

समोर शेजारच्या सुनंदाकाकू बसल्या होत्या. मागच्या वर्षी त्यांचे यजमान कॅन्सरने गेले. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी मीच त्यांना रोज इख घातलं व्हय?"

हा माणूस काय म्हणाला माहितीये? "निदान आता मुलांना तरी वाचवा, काकू."

मी उठून गॅस बंद केला. "सोड्याचं पाणी तसंही कडवटच लागतं. आता तुमच्या भांड्यात उकळा!"

"तसं डेमोत नसतं, मॅडम," म्हणत तो सामान आवरायला लागला.

काकूंना घरी सोडलं, तरी रडणं थांबेना. काकांचा आजार भांड्यातून आला, असं एकाही डॉक्टरने म्हटलं नव्हतं.

आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये शिजवू नका, खरवडलेला नॉनस्टिक तवा वापरू नका, हे जरूर सांगा. पण त्यासाठी कुणाच्या दुःखावर बोट ठेवायचं? तुमच्यासमोर हे घडलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता का?