वाफेच्या नळीतली कुंभारीण

एस्प्रेसो मशीन चार पावसाळे माळ्यावर होतं. बेळगावचं बिऱ्हाड आवरून रामनगरला परत आलो तेव्हा ते खोक्यासकट वर चढवलं. खोक्यावर बियाण्याच्या भाताचं पोतं आलं, पोत्यावर मोडकी छत्री आली, आणि मशीन घरात आहे हे आम्ही दोघंही विसरलो. आठवण झाली ती एका फोनमुळे.

बायकोने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. वर्षभरात तिथे एकही पाहुणा राहिला नव्हता. चादरी दर पंधरा दिवसांनी धुतल्या जात आणि कोणी न झोपताच पुन्हा धुण्यात जात. नवरात्र संपल्यावर हुबळीहून एका गृहस्थांचा फोन आला. कुळगी-अणशीच्या जंगलात ते पक्षी बघणाऱ्यांचे गट आणत. हिवाळ्यात सहा-सहा माणसांच्या मुक्कामाला त्यांना जागा हवी होती. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी सकाळी ते खोल्या बघायला येणार होते. गरम पाणी, वीज, रस्ता असं विचारून त्यांनी शेवटी कॉफीचं विचारलं.

"मशीनची आहे," बायकोने सांगितलं.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आहे न्हवं?"

मशीन खाली आलं. आमच्या भागात पावसाळाभर आत राहिलेली कुठलीही वस्तू वापरायच्या आधी तिला ऊन दाखवतात. गाद्यांना दाखवतात, घोंगड्यांना दाखवतात, पेटीतल्या साड्यांना आणि लोणच्याच्या बरण्यांनाही दाखवतात. बायकोने मशीन पुसलं. दूध फेसाळायच्या वाफेच्या नळीचं टोक बुरसटलं होतं. ते मी फिरवून काढलं आणि वाटीत भिजत घातलं. मग मशीन अंगणातल्या टेबलावर, घोंगड्यांच्या शेजारी ठेवलं. सात दिवस ते उन्हात होतं. त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत उन्हाचा उल्लेख नव्हता.

गुरुवारी ते टेबल ओसरीवर घेतलं आणि मशीन चालू केलं. दिवा लागला, पंप घरघरला, पाण्याचा थेंब आला नाही. शुक्रवारी सकाळी पंपाच्या जळालेल्या मोटारी भरणारा मिस्त्री बोलावला. त्याने आयुष्यात असं मशीन पाहिलं नव्हतं, पण विहिरीवरचे पंप शेकड्यांनी पाहिले होते. त्याने डोळे मिटून आवाज ऐकला.

"हवा धरलीया," तो म्हणाला. "हवा भाईर पडायला वाट दिली की पानी येतंय."

पुस्तिकेतही तेच होतं. हवा बाहेर पडायची वाट म्हणजे वाफेची नळी. मी तिचा वाल्व उघडला. काहीच बाहेर पडलं नाही. मिस्त्रीने मोबाइलचा उजेड नळीच्या तोंडात टाकला आणि मान मागे घेतली.

"अण्णा, हितं घर हाय."

नळीत कुंभारीण माशीने घर केलं होतं. आतला भाग मातीने पक्का बुजलेला होता. तोंडाशी नवं, ओलसर काम चालू होतं. मी सायकलच्या चाकाची तार आणली. मिस्त्रीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी न्हाई टोचनार. आमची बाई आठव्यात हाय."

ज्या घरात कुंभारीण घर करते त्या घरात पाळणा हलतो, असं इथे मानतात. तिचं घर मोडणं म्हणजे पाळणा मोडणं. आमच्या घरात माणसं दोनच. मी त्रेसष्ट वर्षांचा, बायको एकोणसाठची.

शेजारची काकी कुंपणातून सरळ आत आली. ती पंचाहत्तरीच्या पुढे असावी. तिने नळी पाहिली, मग बायकोला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगो बाय, आनि आता कुठं गो हे?"

"काकी, दिवस मशीनला गेल्यात. मला न्हाई."

"तसं म्हन. पहिल्या तीन म्हयन्यांत कुनाला सांगू नये."

दुपारपर्यंत सात बायका बघून गेल्या. त्यातल्या एकीने हळद-कुंकू आणलं. कुंकू कुठे लावायचं यावर थोडी चर्चा झाली आणि ते पाण्याच्या टाकीच्या झाकणावर लावलं गेलं. तो डाग अजून गेलेला नाही.

रविवार दोन दिवसांवर होता. बायको मागच्या खोल्यांत जाऊन उशा सारख्या करून आली. "मी असलं काही मानत न्हाई," ती मला म्हणाली. मी तार उचलली. "पण तुम्ही हात लावू नका." पाहुण्यांच्या भाकऱ्या काकी करणार होती, आणि कुंभारणीचं घर मोडलं तर ती आमच्याकडे फिरकणार नव्हती. मशीन आणि भाकरी यांतलं एक निवडायची वेळ आली तर भाकरी निवडावी लागणार, हे बायकोला कळत होतं. पण फोनवर तिने भाकरीचा शब्द दिला नव्हता.

मिस्त्री तोपर्यंत मशीनभोवती फिरत होता. नळी मशीनला एका नटाने बसवलेली आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

"आख्खी नळीच निघती की. घर मोडत न्हाई. नुस्तं हलतंय."

सगळ्यांनी काकीकडे पाहिलं. काकीचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथून उठवलेली माणसं रामनगरला आणली, तेव्हा ती दोन लेकरांची आई होती.

"घर हलवलं की काय हुतंय ते मला इचार," ती म्हणाली. मग तिने पदर खोचला. "हलवा. पन रीतीनं हलवा. आदी नवी जागा तयार करायची, मग जुनी सोडायची. आमचं उलटं केलं हुतं."

मग तिने अटी घातल्या. तोंड उगवतीला. उंची आहे तेवढीच. सावली आहे तेवढीच. मुंग्या नकोत. मिस्त्रीने टेप काढून जमिनीपासून नळीच्या तोंडापर्यंतची उंची मोजली आणि ओसरीच्या खांबावर तेवढ्याच उंचीला खूण केली. खिळा ठोकला, सुंभ बांधला. सावलीसाठी वर अर्धी करवंटी लावली. खांबाच्या पायाशी मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढली. काकीने करवंटी एकदा काढून, थोडी डावीकडे सरकवून पुन्हा लावायला लावली.

मिस्त्रीने पाना नटाला लावला.

"थांब रं! ती घरात न्हाई."

"मग बरंच की."

"बरं काय? भाईर गेलेलं मानूस परत येतंय, आनि घर न्हाई. डोळ्यांदेखत हलव."

चार प्रौढ माणसं पंचवीस मिनिटं टेबलाभोवती थांबली. चहा झाला. शेवटी कुंभारीण पायांत हिरवी अळी धरून आली आणि नळीत शिरली. काकीने मान हलवली, मिस्त्रीने पाना फिरवला. नळी दोन्ही हातांत, आडवी, पालखी न्यावी तशी खांबाकडे गेली. मी पुढे होऊन खुर्ची बाजूला केली. बांधून झाल्यावर माशी बाहेर आली, खांबाभोवती दोन फेऱ्या घालून निघून गेली.

"पटलं," मिस्त्री म्हणाला.

काकी माशी गेली त्या वाटेकडे बघत होती.

त्यानंतरचं काम सोपं होतं. वाल्व उघडून पंप लावला. नळीच्या जागी राहिलेल्या भोकातून आधी हवा, मग पाणी आलं. पाणी मिस्त्रीच्या शर्टावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडलं. वाल्व बंद केल्यावर भोक बुजवायची गरज नव्हती, पण उघडं भोक मिस्त्रीला बघवेना. त्याने त्यात विहिरीच्या पंपाचा एक बोल्ट बसवला. कॉफीची पूड भरायच्या हँडलची रबर रिंग दगडासारखी झाली होती. ती त्याने वॉशरच्या रबरातून नवी कापली. बॉयलरमध्ये क्षार धरले होते. त्यासाठी बायकोने बिनमिठाच्या कोकमांचं पाणी करून टाकीत ओतलं. मशीनमधून बराच वेळ गुलाबी पाणी येत राहिलं. शनिवारी संध्याकाळी पहिला कप आंबट आला, दुसरा कमी आंबट, तिसरा कॉफीचा.

मिस्त्रीचे त्या दिवसात दोन फोन आले. मशीनबद्दल त्याने विचारलं नाही. "घर कसं हाय?" एवढंच विचारलं.

रविवारी गृहस्थ सांगितल्या वेळी आले. मितभाषी होते. त्यांनी खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बायकोने मशीन लावलं. वाफेची नळी खांबावर असल्यामुळे दूध ताकाच्या रवीने घुसळलं. त्यांनी कॉफी सावकाश प्यायली. बायकोने हँडल धुतलं आणि, हात सवयीनेच वळला असावा, अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवलं.

गृहस्थ फोनवर कोणाशी तरी बोलायला फाटकापर्यंत जाऊन आले. एव्हाना अर्धा तास झाला होता.

"कॉफी चांगली होती," ते म्हणाले. "अजून एक मिळेल?"

बायको हँडल आणायला गेली आणि तिथेच उभी राहिली. हँडलच्या तोटीत ओल्या मातीचं कडं तयार झालं होतं. कुंपणापलीकडे काकी उभी होती. बायकोने काकीकडे पाहिलं, खोल्यांकडे पाहिलं, आणि रिकाम्या हाताने परत आली.

"दुसरा कप चहाचा मिळेल," ती म्हणाली.

"का?"

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने त्यांना गडग्याकडे नेलं. तिथून खांबाकडे नेलं. करवंटी, सुंभ, हळदीची रेघ दाखवली. गृहस्थ उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. काकी कुंपण ओलांडून आली आणि तिने सगळ्या अटी क्रमाने सांगितल्या.

"मग नव्या जागेत ती राहिली का?" त्यांनी काकीला विचारलं.

"न्हाई. सारखी जुन्याच जाग्यावर येती, बोल्टाला धडकती आनि जाती. आमची सासूबी जायची, पान्याच्या कडंपत्तूर."

चहा आला. गृहस्थांनी तो उभ्यानेच घेतला, मग खिशातून डायरी काढली.

"डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहा जण. जानेवारीत पुन्हा सहा." लिहिता लिहिता ते थांबले. "सकाळचं काय लिहू?"

"मशीन आहे," बायको म्हणाली. "पण आता..."

"चहा लिहितो," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी हँडल उचलायला गेलो. काकीने खोकल्यासारखं केलं. मी हात मागे घेतला. बायको मागच्या खोल्यांत गेली आणि चादरी काढून घेऊन आली. त्यांवर अजून कोणी झोपलं नव्हतं. तरी तिने त्या भिजत घातल्या.