मामाच्या दोराची गाठ

माझ्या मामाला सगळा मुलूख 'माघारी मामा' म्हणायचा. धंदा विहिरी खोदायचा आणि नाव काय, तर माघारी! लिंबागणेशपासून शिरूरपर्यंत कुठेही जा, त्याचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग त्याने सोडून दिलेल्या विहिरी मोजायला लागायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कुदळ मारण्याआधी तो मालकाच्या हातात खोली मोजायचा दोर द्यायचा. "बांधा गाठ. हितवर दरड धरली तर फुडं बगू. न्हाई धरली तर माजं काम हितंच खलास." गाठीपर्यंत पोचल्यावर दरडीची, म्हणजे विहिरीच्या बाजूची, माती सुटी वाटली, की पाणी हातभर खाली असलं तरी गडी घेऊन वर यायचा. धोतर झटकायचा, तंबाखू मळायचा आणि ज्यांची विहीर अर्धी सोडली त्यांनाच विचारायचा, "ताक हाय का घरात?" लाज म्हणून नव्हती त्या माणसाला!

एका देशमुखांनी त्याला चारचौघांत भित्रा म्हटलं. मामा म्हणाला, "सरकार, इहीर अर्धी ऱ्हायली तर बुजवता येती. गडी दबला तर त्याच्या बायकूला म्या काय सांगू?" तरी मामाचं ते नाव काही सुटलं नाही.

निजामाच्या अमलातले ते दिवस. माझं सासर शिरूरच्या बाजूला. उन्हाळ्यात दोन कोसांवरच्या नदीत झरे उकरून पाणी आणायचं, हा आम्हा बायांचा रोजचा वनवास. गावाने विहीर खोदायची ठरवली आणि बोलावलं कुणाला, तर माझ्याच मामाला. मी मिरवलेसुद्धा. पाटलांनी नऊ परसांवर, म्हणजे नऊ माणसं उंच इतक्या खोलीवर, गाठ बांधली.

गाठ आली आणि मामा वर आला. "पानी हाय खाली, वास येतुया. पर उगवतीची दरड फुगलीया. आदी दगडानं बांदून घ्या, मंग उतरू." बांधकाम म्हणजे आणखी एक उन्हाळा. कोण ऐकतो! त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझ्यापुढे घागर आदळली. "घे बाई. मामाच्या पुण्याईनं चाल आता दोन कोस." जावा फिदीफिदी हसल्या. माझं डोकं भणाणलं.

सकाळी सगळा गाव विहिरीवर जमला होता. मी हातातल्या दोन बांगड्या उतरवल्या आणि त्याच्या दोराच्या गाठीला बांधल्या. "भरा मामा. शोभतील तुमाला." सवाष्णीने असं करू नये, हेही मला सुचलं नाही. इतकी वर्षं बाप्यांच्या हसण्याने ज्याचा केस हलला नाही, तो त्या बांगड्यांकडे नुसता बघत राहिला. मग त्याने गडी वरच ठेवले आणि एकटा खाली उतरला.

दुपारच्या आत दरड आली.

त्याच पडलेल्या दरडीतून झरा फुटला. लोक एकीकडे "पाणी, पाणी" ओरडत होते आणि दुसरीकडे मामाला वर काढत होते. छातीच्या बरगड्या मोडल्या होत्या. आठ दिवस तो आमच्या ओसरीवर होता. मी रडून विचारलं, "कावून उतरलात मामा? माज्या दोन थोबाडीत का न्हाई दिल्या?"

"तुजा राग न्हाई गं पोरी," तो थांबून थांबून म्हणाला. "मला लाज वाटली आन म्या तिचं ऐकलं. गाठीचं ऐकाया पायजे हुतं." नवव्या दिवशी तो गेला. महसुलाचा गिरदावर येऊन पंचनामा करून गेला, त्यात बांगड्या कुठेच नव्हत्या.

आणि आता गावाचं ऐका. दरवर्षी त्या विहिरीवर नारळ फुटतो आणि कुणीतरी हमखास सांगतो, "मामा हटला न्हाई, म्हणून पाणी लागलं!" माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे मूर्खांनो, तो जन्मभर हटत आला, म्हणून त्याच्या हाताखालचा एकही गडी मेला नाही! हे एकदा मी ओरडून सांगितलं, तर म्हातारीला भ्रम झालाय म्हणाले. आणि मी तरी कोण मोठी शहाणी? त्याच बांगड्यांच्या हातांनी वर्षानुवर्षं दोन कोसांवरून पाणी आणलं आणि पुरुषाला लाजवायला मला त्याच सापडल्या.

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा मुलगा दूरच्या एका कापसाच्या गिरणीतलं काम सोडून परत आला. जाताना वाजतगाजत गेला होता. आला तो गिरणीतल्या कापसाच्या धुळीने खोकत, भरदुपारी, मान खाली घालून उंबऱ्याबाहेरच बसला. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालंच, "पळून आला जणू. मामा-आज्याचं रगत!"

मी बाहेर येऊन त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं. "दरड फुगली हुती का रं?" मी विचारलं.

त्याने वर बघितलं. मामाची गोष्ट त्याने माझ्याच तोंडून ऐकलेली. "व्हय, आई."

"मंग बरं केलंस. ऊठ, जेवाया बस."