खरखर पुसणारं बटण

वर्षभर मी रेडिओ बनवणाऱ्या कंपन्यांची तुलना करत होतो. त्या नादात धड जेवण सुचत नव्हतं.

हिंगोलीत माझ्यासारखा हौशी रेडिओवाला शोधून सापडायचा नाही. गच्चीवर तार, भिंतीवर परवाना आणि रोज सकाळी पुसेगावच्या सरांशी गप्पा. शाळेत असताना त्यांनीच हे वेड लावलं. बोलणं संपलं की सगळे ‘ओव्हर’ म्हणतात. सर विचारतात, ‘बराबर?’ मी ‘बराबर’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार फाटला. माझ्या जुन्या सेटवर खरखरीतून ते अर्धेच कळायचे. ते मला सोसवेना.

एका कंपनीनं पडदा आणला. आजूबाजूचे सगळे आवाज त्यावर रंगीत धारांसारखे वाहताना दिसतात. दुसरी पडद्याला उशिरा आली, पण दांडग्या आवाजाशेजारचा कमजोर आवाज वेगळा काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तिसरीनं तर बटणंच काढून टाकली, सगळं कॉम्प्युटरवर. बटणाशिवाय रेडिओ म्हणजे मला मीठ नसलेलं वरण. आज ही पसंत, उद्या ती.

बायको वैतागली. “रेडिओ पाहून राहिले का पोरी? हिचं रूप, तिचं घराणं! फोडा एकदाची सुपारी.”

फोडली. खरखर आपोआप पुसणारा सेट घेतला. बटण दाबताच शेजारच्या हळद पॉलिशच्या मोटारीची रेडिओत घुसणारी कटकट गायब. मी खुश.

पण दुसऱ्या सकाळी सर रेडिओवर आले नाहीत. तिसऱ्याही नाही. फोन ते कधीच उचलत नाहीत. मनात नको नको ते यायला लागलं, तशी मोटारसायकल काढली.

सर सेटपुढेच होते, लालबुंद. “दोन दिस झाले, घसा फोडून राहिलो! काहून बोलत न्हाईस? नवा रेडिओ आला अन् मास्तर नकोसा झाला व्हय?”

तो फाटका आवाज ऐकला आणि उलगडा झाला. त्या शहाण्या यंत्रानं सरांनाच खरखर समजून पुसलं होतं.

घरी येऊन बटण बंद केलं. कटकट परतली. कान लावून बसलो, आणि तिच्या आतून आलं, “बराबर?”

“बराबर, सर.”

खरखरीतून ते म्हणाले, “तुझा आवाज काहून फाटून राहिला रे?”