देवीला उजवी घालून

लातूरच्या गंजगोलाईत एखादी गाय जरी उलट्या दिशेने चालताना दिसली, तरी आमच्या मामांना चैन पडत नसे. ते तिला वळवून सुलट करूनच पुढे जात. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. गोलाईच्या मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि चहूबाजूंना फुटलेले रस्ते. सगळं लातूर तिथे खरेदीला येतं, पण मामांच्या लेखी ती प्रदक्षिणा होती, आणि प्रदक्षिणेत मागे फिरायचं नसतं. डाळ झाली, मसाला झाला, आणि चार दुकानं पुढे गेल्यावर आत्याला जिरं आठवलं, तर मामा मागे वळत नसत. अख्खी गोलाई पुन्हा घालून जिऱ्याच्या दुकानाशी पोचत. "देवीला उजवी घालूनच फिरायचं. चार पावलं वाचवून काय माडी बांधायची हाय का?" असं वर आत्यालाच विचारत. आत्या तोंडाने कुरकुर करी, पण तिची चाल काही कुरकुरणाऱ्या बाईची नसे.

बरं, हा फेरा लवकर उरकेल तर शपथ. भाव विचारण्याआधी मामा डाळीचं गाव विचारत, शिवार विचारत, मग दुकानदाराच्या म्हातारीचे गुडघे विचारत. मध्येच सुशीला खायला थांबत. सुशीला म्हणजे आमच्याकडचे भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे. चवीत पोह्यांनाही लाजवते ती. भज्यांच्या गाड्यावर तर ते वैद्यासारखे उभे राहत. पहिलं भजं तोंडात टाकून डोळे मिटत आणि गाडेवाल्याला सांगत, "तेल दमलंय रे आज तुझं. त्याला जरा इसावा दे." तोही गुमान गॅस बारीक करी. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला मामांनी घरचे पोहे खाऊच दिले नाहीत, थेट त्या गाड्यावर नेलं. त्याने रुमालाने बाकडं पुसलं आणि भज्यांबरोबरची मिरची बाजूला काढून ठेवली. मामा परत येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, पोरगं लई गुणाचं हाय, पण आपलं न्हाई." दुसऱ्याने मिरची खाल्ली, डोळे पुसले आणि आणखी एक मागितली. त्याच्याशी माझं लग्न झालं आणि मी पुण्याला आले.

एकदा मामा-आत्या आमच्याकडे पुण्याला आले होते. मी हौसेने त्यांना मॉलमध्ये नेलं. मामांनी तुरीच्या डाळीचं गाव विचारलं, तर तिथल्या मुलीने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि हसून परत ठेवलं. खालच्या मजल्याला पूर्ण एक फेरा घालून मामा मधोमध उभे राहिले. "मधी कुणीच न्हाई की गं. माणसानं फिरायचं कुणाभवती?" मी तेव्हा खूप हसले. आता तिथल्या ढकलगाडीत मुकाट्याने पाकिटं टाकताना तोच प्रश्न आठवतो. माझी डाळ कुठल्या शिवारातली, माझ्या आईचे गुडघे कसे आहेत, इथे कुणाला काय पडलंय?

मग आत्या आजारी पडली. मोठंच दुखणं, वर्षभर अंथरूण सुटलं नाही. मामांनी गोलाई बंद केली. एकट्याने जायला त्यांचे पाय निघेनात. किराणा फोनवर सांगून घरी येऊ लागला, आणि मामा ती पाकिटं टेबलावर मांडून बघत बसत. गेल्या दिवाळीत मी लातूरला गेले, तेव्हा आत्या म्हणाली, "एकडाव मला गोलाई दावा. एकच फेरा. जास्तीचं मला झेपायचं न्हाई." डॉक्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग हळूच म्हणाले, तासाभरात परत आणा.

रिक्षात मध्ये आत्या, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मामा. दुकानदार बाहेर येऊन रिक्षापाशी उभे राहिले, कुणी गूळ दिला, कुणी नुसताच हात जोडला. आत्या डोळे भरून बघत होती. फेरा संपत आला आणि ती अवघडून म्हणाली, "अहो, बांगड्याचं दुकान मागं ऱ्हायलं."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणखी एक फेरा तिला झेपला नसता, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. मामांनी देवळाकडे पाहिलं, मग रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मागं घे."

"चाचा, उलटं हाय की ते."

"मला म्हाईत न्हाई व्हय? घे मागं."

समोरच्या गाड्या ओरडू लागल्या, पोलीस शिट्टी वाजवत धावत आला. मामांनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. "अरे, देवीच्या उलटा आलोय मी! तुझी शिट्टी काय घेऊन बसलास?" पोलिसाने आत वाकून आत्याला पाहिलं आणि स्वतःच पुढच्या गाड्या थांबवल्या.

बांगडीवाली भाभी बाहेर आली. आत्याचा हात हातात घेतल्यावर ती थबकली. "या अल्ला, किती उतरला हात आपा! मापाच्या भरू का सैल?"

आत्या काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "सैलच भर. तिच्या पहिल्या मापाच्या. हात भरंल."

हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळल्या. आत्या हसली. माझ्याने तिकडे बघवेना.

परवा फोनवर मी आत्याला बांगड्यांचं विचारलं. "हायत की हातात. सैलच हायत अजून," ती म्हणाली. मागून मामांचा आवाज आला, "भरंल, भरंल हात. घाई काय हाय!"