तीन आणि सहाचा साचा

१४ मार्च १९८६, शुक्रवार. आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करत होते. संध्याकाळ होती, रेडिओ चालू होता. नवऱ्याचे तीन शर्ट झाले होते, चौथा हातात होता. तेवढ्यात शेजारीण दारात आली आणि म्हणाली, "जरा येतंस? लाइट कापायला माणूस आलाय."

घाटकोपरच्या आमच्या चाळीत तिची खोली तीन नंबरची, माझी सहा. तिचा नवरा गिरणी बंद पडल्यावर माहुलला वॉचमन झाला होता आणि त्या आठवड्यात त्याला रात्रपाळी होती. मुलगी दहावीला, सोमवारपासून परीक्षा. घरात एकच दिवा, त्याच्याखाली ती पोर वह्या पसरून बसलेली.

इस्त्रीची पिन काढली आणि गेले. रेडिओ तसाच राहिला.

माणूस नीटनेटका होता. खिशाला टेस्टर, काखेत कातडी बॅग. मीटरचं सील तुटलंय, म्हणजे वीजचोरी, लाइट आजच कापावी लागेल आणि परत जोडायला पंधरा दिवस, असं तो शांतपणे सांगत होता. दंड आता हातात दिला तर तो साहेबांना सांगून मिटवणार होता. पावती मात्र नंतर ऑफिसातून. शेजारणीच्या मुठीत नोटा होत्याच. मुलीने पुस्तकातून मान वर केली नव्हती, पण पानही उलटत नव्हती.

मी विचारलं, मीटर कुठला बघितला?

"जिन्याखाली तीन नंबर लिहिलाय ना ताई, तोच."

इथे आमच्या रंगाऱ्याबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षी घरमालकाने मीटरच्या पेटीतल्या फळीवर खोल्यांचे आकडे रंगवून घेतले. रंगाऱ्याने पत्रा वाचवायला ३ आणि ६ साठी एकच साचा कापला होता. एका बाजूने धरला की तीन, उलटवला की सहा. उलटवताना त्याचा घोळ झाला आणि माझ्या मीटरवर ३ आला, तिच्या मीटरवर ६. घरमालकाला दोनदा सांगून झालं, मग आम्ही नाद सोडला. बिलं बरोबर येत होती, कारण वीज कंपनीचा माणूस मीटरवर कोरलेला नंबर बघतो. रंगाकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

हा माणूस रंग वाचून आला होता.

मी म्हटलं, "मग कापा. आत्ताच कापा."

शेजारणीने माझा हात धरला. "अगो, काय बोलतंस तू? सोमवारी पोरीचो पेपर आसा!"

तिला म्हटलं, मूठ बंद ठेव आणि दारात उभी राहा. त्याला घेऊन खाली उतरले. त्याला माघार घेता येईना. दोन बायका घाबरतील असा हिशेब असावा. त्याने टेस्टर काढला, फळीवर टकटक केली, माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्याने ३ लिहिलेल्या मीटरखालचा फ्यूज ओढला.

वर माझा रेडिओ बंद पडला. शेजारणीच्या दारातला उजेड तसाच होता.

"तिचा दिवा चालू कसा?" मी विचारलं.

वायरिंग उलटसुलट आहे, साहेबांनाच घेऊन येतो, असं म्हणत तो बॅग सावरून निघाला. मी त्याला थांबवून फ्यूज परत बसवायला लावला. तो त्याने व्यवस्थित बसवला. कामाचा माणूस होता, हे कबूल करायला हवं.

वर आले तेव्हा शेजारीण नोटा पुन्हा तांदळाच्या डब्यात ठेवत होती. "सील तुटलेला असता तर गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, तर माझं तुटलं असतं. बॅटरी घेऊन खाली जाऊन बघून आले. तुटलं होतं. सीलची तार ताजी कापलेली दिसत होती, टोकं चकचकीत. मुलगी एव्हाना मोठ्याने पाठ करायला लागली होती.

चौथा शर्ट चुरगळला होता. पाणी शिंपडून पुन्हा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन सीलची तक्रार लिहून दिली. येताना कुलूप घेतलं, मीटरच्या पेटीला लावलं आणि किल्ली शेजारणीच्या खिळ्याला अडकवली. रंगाच्या आकड्यांना हात लावला नाही.