बॉक्सच खराब आहे

मंडपात ऊद पेटला आणि त्या वासासरशी मला ढाणकीतलं ते नवरात्र आठवलं. माझ्या मावसबहिणीनं एका जुन्या व्हिडिओ गेमची धून घेऊन, तिला गरब्याचा ठेका लावून मोबाइलवर रिमिक्स केलं होतं. "दादा, चुकलं असंन तं सांगजो," असं म्हणत तिनं ते मला पाठवलं, तेव्हा मी वावरात होतो. शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र धडधडत होतं, भुसा डोळ्यांत जात होता. मी फोन कानाला लावला, जेमतेम सुरुवात ऐकली आणि लिहिलं, "एक नंबर! काहीच बदलू नको." संध्याकाळी मंडळाच्या मोठ्या बॉक्सवर ते लागलं. ठेका असा अंगावर आला की त्याखाली धून पार बुडाली. बायकांची पावलं चुकली, फेर तुटला, कुणीतरी ओरडलं, "बंद कर बे ते!" आणि डीजेवाल्यानं नेहमीचं गाणं लावलं. टिपऱ्या हातात तशाच धरून ती माझ्याकडे आली. "दादा, पूर्ण ऐकलं होतं नं तुनं?" "ऐकलं नं. तुहं गाणं बराबर आहे, बॉक्सच खराब आहे त्याहिचा." तिचा चेहरा लगेच खुलला. नेहमीचं गाणं त्याच बॉक्सवर खणखणीत वाजत होतं, तरी तिनं माझंच खरं मानलं. आता तिचं प्रत्येक रिमिक्स मी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकतो आणि लिहितो, "ठेका जरा कमी कर, धून दबून राह्यली." तिचं उत्तर ठरलेलं असतं, "दादा, तुहा हेडफोनच खराब असंन."